तीन पायांवरचा कुत्रा

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या हमरस्त्यावरच्या गावात वाहनाखाली पाय चिरडलेला कुत्रा विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो. असा पाय वेदनेविना कापून प्राणी जगवणे ही फार जुनी विद्या नव्हे. १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथरची भूल यशस्वी ठरली. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखम निर्जंतुक राखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याआधी शस्त्रक्रिया म्हणजे घाई, आक्रोश आणि मागाहून पू. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले १८८६ साली. विदर्भात, नागपूरला, तसे महाविद्यालय यायला १९५८ उजाडले!

माणसाच्या पायाचा खुंट राखतात, कारण त्यावर कृत्रिम पाय बसवायचा असतो. कुत्र्याचा पाय मात्र बहुधा पार वरून काढतात. खुंट उरला तर कुत्रा तो जमिनीला टेकवू पाहतो आणि जखम चिघळते. शरीराचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. म्हणून पुढचा पाय गेल्यास तोल साधणे अधिक अवघड.

घरी आणल्यावर गुळगुळीत फरशीवर तो घसरतो. गोणपाट अंथरावे. सारवलेल्या जमिनीवर पकड बरी मिळते, पण ताज्या जखमेला शेणमाती लागता कामा नये. मागचा पाय गेला असेल तर पोटाखालून टॉवेल घालून आधार द्यावा. टाके निघेपर्यंत, म्हणजे १०-१४ दिवस, जखम चाटू देऊ नये. आपली आयबुप्रोफेनची गोळी तर मुळीच देऊ नये. तिने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. वेदनाशामक पशुवैद्याकडूनच घ्यावे. पुष्कळ कुत्री एक-दोन दिवसांतच उभी राहतात.