सट्टेदाराची वही

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावांच्या अर्थजीवनाचा इतिहास भाताच्या बांध्यांइतकाच विडीच्या सुपातही शोधावा लागतो; कारण सभोवारच्या रानांतील तेंदूपान, लोहमार्गाने गुजरातेतून येणारी तंबाखू आणि धानाच्या हंगामानंतर रिकामे राहणारे हात यांच्या संगमातून या आसमंतात विडीचा धंदा फोफावला. कारखानदार आणि घरी बसून विड्या वळणारी स्त्री यांच्यामध्ये सट्टेदार असे. पान-तंबाखू तोच देई, हजारी हिशेबाने मजुरी तोच चुकवी, नापसंत मालाची छाटही तोच काढी. आणि कोणाचा हात किती सफाईचा, याचा दाखला त्याच्या वहीखेरीज अन्य कोणत्याही दप्तरात नसे. लेबलावर पेढीचे नाव झळके. वळणारीने उभ्या आयुष्यात कमावलेली पत मात्र त्या वहीतच कोंडून राही, आणि सट्टेदार बदलला की तिला नव्या दारी पुन्हा अनोळखी म्हणून उभे राहावे लागे.

कायद्यालाही ती दिसत नव्हती. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदारास स्वतंत्र ठेकेदार ठरविले. साहजिकच त्याच्या हाताखालील मजूर कारखान्याचे कामगार ठरले नाहीत. विडी व सिगार कामगारांविषयीच्या १९६६ च्या कायद्याने घरी काम करणारीसही कामगार मानले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा ग्राह्य धरला. १९७६ च्या कल्याण निधीच्या कायद्यानंतर ओळखपत्रे मिळू लागली. दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती यांसाठी ती दाखविता येत. माझ्या मते या धंद्याच्या इतिहासात मजुरीच्या दरवाढीहूनही ही घटना थोर होय, कारण कारागिराच्या ओळखीचा दस्तऐवज प्रथमच त्याच्या स्वतःच्या हाती आला.

आज याच परिसरातील पदवीधर तरुण आपले शिक्षण, अनुभव आणि शिफारशी लिंक्डइनवर नोंदवितो. २००३ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळाचे मोल मी कमी लेखीत नाही. ज्याचा मामा-काका पुण्याच्या वा बंगळूरच्या कचेरीत नाही, त्यालाही तेथील अधिकाऱ्यापर्यंत आपले नाव पोहोचविता येते, हे पूर्वी दुर्लभ होते. तथापि वही येथेही परक्याचीच आहे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २६.२ अब्ज डॉलरांस घेण्याचा करार केला, तेव्हा कोट्यवधी लोकांच्या ओळखींचा संग्रहही तिच्याबरोबर नव्या धन्याकडे गेला. ऑर्कुट हे समाजमाध्यम तर २०१४ साली बंदच पडले, आणि त्यावरील स्नेहसंबंधांची व प्रशंसेची नोंद हळूहळू नाहीशी झाली.

म्हणून लिंक्डइन अवश्य वापरावे, परंतु आपल्या कामाचे मूळ दप्तर आपल्या नावाने नोंदविलेल्या संकेतस्थळावर ठेवावे; २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी पत्त्याचीही सोय झाली आहे. नोंदणीचे वार्षिक शुल्क भरण्यात मात्र खंड पडू देऊ नये, आणि मिळालेल्या शिफारसपत्रांच्या प्रती स्वतःजवळ जपून ठेवाव्यात.