कारल्याचा रस, गुडमारचा पाला: वनस्पतींच्या अर्काने मधुमेह खरंच बरा होतो का?

'रोज सकाळी हा काढा घ्या, शुगरची गोळी कायमची बंद!' असे मेसेज व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे असे दावे तपासून पाहणं गरजेचं आहे.

वनस्पतींपासून मधुमेहाचं औषध मिळालंय का?

हो. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनचं मूळ 'गॅलेगा ऑफिसिनॅलिस' या युरोपातल्या वनस्पतीशी जोडलेलं आहे. तिच्यातलं गॅलेगिन हे द्रव्य साखर कमी करायचं, पण ते विषारी होतं. त्याच्याशी रासायनिक नातं असलेलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. १९५७ मध्ये फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी मधुमेहींवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत मान्यता मिळायला मात्र १९९४ साल उजाडलं.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ मध्ये सापडलेल्या फ्लोरिझिनवरून पुढे डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं तयार झाली. ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात.

आपल्याकडच्या वनस्पतींचं काय?

- विजयसार (बिबळा): आयसीएमआरच्या १९९८ च्या अभ्यासात १२ आठवड्यांनी ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर नियंत्रणात आली. पण ही खुली चाचणी होती. कोणाला काय दिलंय हे सगळ्यांना माहीत होतं.
- कारलं: उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१२ मध्ये टाइप २ मधुमेहासाठी पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं.
- गुडमार: पानं चघळली की काही वेळ गोड चव कळत नाही. पण गोड न लागणं म्हणजे रक्तातली साखर कमी होणं नव्हे.

मग अडचण कुठे आहे?

उंदरांवर चाललेला अर्क माणसावर चालेलच असं नाही. शिवाय जमीन, हंगाम आणि अर्क काढायची पद्धत बदलली की त्यातल्या द्रव्यांचं प्रमाण बदलतं. गोळीत ते ठरलेलं असतं, घरच्या काढ्यात नसतं.

धोका काय?

गोळ्या किंवा इन्सुलिनसोबत असा अर्क घेतल्यास साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणं. त्याहून मोठा धोका औषध बंद करण्यात आहे. टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकतं.

मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानुसार बंदी आहे.

थोडक्यात काय करायचं?

कारल्याची भाजी, मेथी जेवणात जरूर असू द्या. अर्क, चूर्ण किंवा काढा सुरू करायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि सुरू असलेली गोळी किंवा इन्सुलिन मेसेज वाचून बंद करू नका.