मैदानावरचा गडी आणि परळची जागा

मुंबई इलाख्याच्या विधानसभेसाठी १९३७ च्या फेब्रुवारीत ज्या निवडणुका झाल्या, त्यांतील भायखळा-परळच्या लढतीचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहुतेक चरित्रांत एखाद्या वाक्यात येतो आणि संपतो. बाबासाहेब जिंकले, काँग्रेसचा उमेदवार पडला, एवढेच आपण वाचतो. तो पडलेला उमेदवार कोण होता, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आम्ही या लेखात मुद्दाम त्या पराभूत माणसाचा मागोवा घेणार आहोत, कारण कष्टकऱ्यांचा प्रतिनिधी कोणाला म्हणावे हा प्रश्न त्याच्या उमेदवारीने जितक्या उघडपणे पुढे मांडला, तितका तो विजेत्याच्या चरित्रातून आपल्यापुढे येत नाही.

त्यांचे नाव पालवणकर बाळू. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. जन्म १८७६ चा. पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे काम त्यांना प्रथम मिळाले; पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तेथे एक रुपया वाढला. रूळ ओढावा, चुन्याच्या रेघा माराव्यात, सरावाची जाळी उभारावी, टेनिसचे पट्टे आखावेत, असे ते काम होते. कामगारांच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरणारे पोप लिओ तेरावे यांचे विश्वपत्र १८९१ साली निघाले होते. ते युरोपातल्या धर्मप्रांतांतून वाचले जात होते, त्याच सुमारास पुण्याच्या मैदानावर हा मुलगा चार रुपयांवर राबत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता, हेच आम्हांला नोंदवावेसे वाटते.

सरावाला गोलंदाज हवा असे, म्हणून साहेबांनी या गड्याच्या हाती चेंडू दिला. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नावाजलेला फलंदाज. त्याला बाळू तासन्‌तास चेंडू टाकीत. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल साहेब आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र नक्की : त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, आणि फलंदाजी हा मालकांचा मान. श्रमाची आणि मानाची ही वाटणी साहेबाने शिकवली की ती आपल्याकडे आधीपासूनच होती, याचा विचार वाचकांनीच करावा.

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत. परंतु चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या वेगळ्या पेल्यात चहा मिळे आणि जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. पुढे ते मुंबईस आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परत आल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला, आणि त्या वेळचे मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या कॉलेजातील एका तरुणाने लिहिले होते, असे बाळूंचे चरित्रकार सांगतात. कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे धाकटे भाऊही निषेध म्हणून बाहेर पडले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्याने रूळ ओढला आणि धाकट्याला मान मिळाला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

आता राजकारणाकडे वळू. गोलमेज परिषदेनंतर अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ द्यावेत की नाहीत, यावर देशभर वाद पेटला. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत होते. बाळू मद्रासचे एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला, त्यावर या दोघांच्याही सह्या आहेत. करारान्वये स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. मुंबई इलाख्याच्या वाट्याला अशा पंधरा जागा आल्या. पुढच्याच वर्षी बाळूंनी हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि ते पडले. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना परळच्या राखीव जागेवर बाबासाहेबांविरुद्ध उभे केले.

काँग्रेसची ही निवड चतुर होती, यात शंका नाही. घरोघरी ठाऊक असलेले नाव, अंगमेहनतीतून वर आलेला माणूस, अस्पृश्य समाजातलाच, शिवाय स्वभावाने सौम्य. समोरचा उमेदवार तर बॅरिस्टर, कोलंबिया आणि लंडनचा पदवीधर, सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य. गिरणीत त्यांनी कधी साचा चालवला नव्हता. केवळ जन्म आणि हातावरचे घट्टे पाहून मत द्यायचे असते, तर मजुरांच्या वस्तीने बाळूंनाच निवडले असते.

तसे झाले नाही. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. अर्थात ही मते म्हणजे तितके मतदार असे समजू नये. १९३५ च्या कायद्याने सर्व प्रौढांना मताधिकार दिला नव्हता. मालमत्ता, भाडे, शिक्षण अशा अटी होत्या, आणि गिरणगावातल्या कित्येक कष्टकऱ्यांना मतपेटीपर्यंत पोहोचताच येत नव्हते. शिवाय मुंबई इलाख्यात अनेक जागांच्या मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला असत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. बाबासाहेबांच्या अनुयायांनी या सवलतीचा शिस्तीने उपयोग केला.

येथे आपल्या घरची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चच्या परिसरात त्या वेळीही कॅथलिक कुटुंबे राहत होती. परंतु त्यांच्यापैकी कोणालाही या दोघांपैकी एकालाही मत देता आले नसते. १९३५ च्या कायद्याने हिंदी ख्रिस्ती मतदारांची यादी वेगळी होती आणि इलाख्यात त्यांच्यासाठी तीन जागा होत्या. एकाच चाळीत राहून, एकाच गिरणीच्या भोंग्यावर उठून, आपले वाडवडील निवडणुकीच्या दिवशी दुसऱ्याच उमेदवारांचा विचार करीत. पुढे १९४९ मध्ये घटना समितीतील ख्रिस्ती प्रतिनिधींनी विधिमंडळातील राखीव जागांचा आग्रह सोडला, तो निर्णय आम्हांला आजही योग्य वाटतो.

बाळू का पडले? जातीचे गणित होते, हे मान्य केलेच पाहिजे. परळच्या अस्पृश्य वस्तीत महार समाज मोठा होता आणि तो बाबासाहेबांमागे एकदिलाने उभा होता. पण एवढ्यावर थांबणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. बाबासाहेब परळच्या चाळीतच वीसएक वर्षे राहिलेले होते. गिरण्यांच्या साचेखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळ नको होता. साचेखात्यातली मजुरी इतर खात्यांपेक्षा चांगली, म्हणजे हा विटाळ दर महिन्याच्या पगारात मोजता येत होता. १९२८ च्या संपात हा प्रश्न बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला होता. १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ मध्ये सतरा उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. बाळूंचे कष्ट खरे होते. परंतु ते कष्ट घेऊन ते ज्या पक्षाच्या बाकावर बसणार होते, त्या पक्षात गिरणीमालकांचे स्नेही होते. मतदाराने उमेदवाराचे हात पाहिले, आणि हे हात विधानसभेत कोणाच्या सांगण्यावरून वर होतील, हेही पाहिले.

बाळूंना काँग्रेसचे बाहुले म्हणणारे लोक आहेत. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. वेगळ्या पेल्यातला चहा ज्याने वर्षानुवर्षे प्यायला, आणि पुढे ज्याच्या भावाला त्याच हिंदू संघाने कर्णधार केले, त्याला माणसे हळूहळू बदलतात असे वाटणे स्वाभाविक होते. त्याचा अनुभवच तसा होता. बाबासाहेबांचा अनुभव वेगळा होता. १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, ते त्याच अनुभवातून. दोघांनाही अपमान ठाऊक होता. त्यावरचा उपाय मात्र दोघांनी निरनिराळा मानला.

निवडून आल्यावर बाबासाहेबांनी १९३७ च्या सप्टेंबरात कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. पालवण ज्या जिल्ह्यात आहे, तो रत्नागिरी जिल्हा खोतीचाच. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचा कायदा आणला व संपावर बंधने घातली, तेव्हा ७ नोव्हेंबर रोजी मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी डांगे एकत्र होते. बाळू निवडून आले असते, तर मंत्रिमंडळाच्या बाजूच्या बाकावरून त्यांना या कायद्याच्या बाजूने मत द्यावे लागले असते.

१९५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. आता प्रत्येक प्रौढाला मत होते. उत्तर मुंबईच्या राखीव लोकसभा जागेवर काँग्रेसने पुन्हा चर्मकार समाजातलाच एक उमेदवार, नारायण काजरोळकर, बाबासाहेबांसमोर उभा केला. काजरोळकरांना बाळूंसारखी कीर्ती नव्हती. त्यांना १,३८,१३७ मते मिळाली, बाबासाहेबांना १,२३,५७६. त्यानंतर तीन वर्षांनी, ४ जुलै १९५५ रोजी, बाळू वारले.