वाइल्डर, बिली
(२२ जून १९०६ – २७ मार्च २००२). ऑस्ट्रियन ज्यू कुटुंबात जन्मलेला अमेरिकन चित्रपट दिग्दर्शक व पटकथालेखक. मूळ नाव सॅम्युएल. जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गॅलिशिया प्रांतातील सुखा या गावी (हल्ली पोलंडमध्ये). अमेरिकेचे वेड असलेली आई त्याला लाडाने ‘बिली’ म्हणे. पुढे तेच नाव रूढ झाले.

व्हिएन्नात वार्ताहरकी करून १९२६ मध्ये तो बर्लिनला गेला. तेथे पोटासाठी हॉटेलात एकट्या आलेल्या स्त्रियांबरोबर पैसे घेऊन नाचण्याचेही काम त्याने केले आणि त्यावर वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. ‘मेन्शेन आम झोनटाग’ (१९३०) या मूकपटाच्या लेखनात त्याचा वाटा होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्याने पॅरिस गाठले. तेथे एक चित्रपट सहदिग्दर्शित करून १९३४ मध्ये तो हॉलिवुडला पोहोचला, तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होते.

प्रवासी परवान्याची मुदत संपल्यावर नव्या व्हिसासाठी त्याला मेक्सिकोतील मेहिकाली या सरहद्दीवरच्या गावी जावे लागले. हाताशी पुरेशी कागदपत्रे नव्हती. वाइल्डरने नंतर सांगितल्याप्रमाणे, तेथील अमेरिकन वाणिज्यदूताने व्यवसाय विचारला, तो चित्रपट लिहितो हे ऐकून शिक्का मारला आणि चांगले लिहायला बजावले. याच अनुभवाच्या आधारे त्याने चार्ल्स ब्रॅकेटबरोबर ‘होल्ड बॅक द डॉन’ (१९४१) लिहिला. व्हिसासाठी मेक्सिकोत अडकलेला नायक हॉटेलच्या भिंतीवर चढणाऱ्या झुरळाला अडवून त्याच्याकडे कागदपत्रे मागतो, असा एक प्रसंग त्यात होता. झुरळाशी काय बोलायचे, म्हणून नायकाची भूमिका करणाऱ्या शार्ल बॉयेने तो नाकारला आणि दिग्दर्शक मिचेल लायझेनने गाळून टाकला. वाइल्डर भडकला. आपल्या संहितेची अशी वाट लागू नये म्हणून तो दिग्दर्शनात उतरला. त्या अर्थी हॉलिवुडवर त्या झुरळाचे उपकारच आहेत.

‘द मेजर अँड द मायनर’ (१९४२) हा त्याने दिग्दर्शित केलेला पहिला अमेरिकन चित्रपट. त्यात रेल्वेच्या अर्ध्या तिकिटासाठी तरुणी बारा वर्षांची मुलगी बनते. ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) मध्ये गुंडांच्या तावडीतून सुटण्यासाठी दोन वादक स्त्रीवेशात पळतात. निभावून नेण्यासाठी सोंग घेणारी माणसे त्याच्याकडे वारंवार आढळतात. त्यांना तो हसतो, पण सहसा तुच्छ लेखत नाही. परदेशात तग धरून राहण्याची धडपड त्याने स्वतः केलेली असल्याने हे घडले असावे.

‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) हा विमा-फसवणुकीवरील चित्रपट गुन्हेपटाचा मानदंड ठरला. ‘द लॉस्ट वीकएंड’ने (१९४५) त्याला दिग्दर्शन व पटकथेची ऑस्कर पारितोषिके मिळवून दिली. युद्धसमाप्तीनंतर तो अमेरिकन सैन्यातर्फे जर्मनीत होता आणि छळछावण्यांवरील ‘डेथ मिल्स’ या अनुबोधपटाचे काम त्याच्याकडे होते. त्याची आई, सावत्र वडील व आजी तोवर नाझी वंशसंहाराला बळी पडले होते. याच जर्मनीत त्याने ‘अ फॉरिन अफेअर’ (१९४८) ही विनोदिका रचली. भग्न बर्लिनमधला काळाबाजार तीत दिसतो.

मूकपटांच्या विस्मृत तारकेवरील ‘सनसेट बूलव्हार्ड’ (१९५०) मध्ये कथेचा निवेदक मृत आहे. उत्तरकाळातील सहलेखक आय. ए. एल. डायमंड हाही लहानपणी रुमानियातून आलेला. या जोडीच्या ‘द अपार्टमेंट’ने (१९६०) वाइल्डरला एकाच वर्षी निर्मिती, दिग्दर्शन व पटकथा अशी तीन ऑस्कर दिली. त्यातील अफाट कचेरी भासमान आहे : हंगेरीत जन्मलेला कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्रोनेर याने मागे मागे टेबले लहान करत नेली आणि शेवटच्या रांगांना ठेंगणी माणसे बसवली. वाइल्डरचा सर्वांत परिपूर्ण चित्रपट हाच म्हणता येईल.

त्यानंतर उतार लागला. ‘बडी बडी’ (१९८१) हा अखेरचा आणि सामान्य. १९८८ मध्ये थालबर्ग पुरस्कार स्वीकारताना त्याने मेहिकालीच्या त्या वाणिज्यदूताची आठवण सांगितली. बेव्हर्ली हिल्स येथे त्याचे निधन झाले.