प्रवाळ जलजीवालयातील पाण्याचे रासायनिक संतुलन

प्रवाळ जलजीवालयातील पाण्याचे रासायनिक संतुलन : घरातील काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवण्यासाठी खाऱ्या पाण्याची क्षारता, अल्कता, सामू, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोषकद्रव्ये समुद्राच्या पाण्याशी मिळतीजुळती व स्थिर राखण्याची पद्धत. हौशी मंडळी अशा टाकीला ‘रीफ टँक’ म्हणतात. साध्या मत्स्यटाकीत पाणी घाण होते एवढीच चिंता असते. येथे पाणी स्वच्छ दिसत असतानाही रिते होत जाते, कारण त्यातली खनिजे उचलून प्रवाळ आपला सांगाडा बांधत असतात.

हा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, ॲरागोनाइट या रूपातला असतो. कॅल्शियमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन खर्ची पडून तो तयार होतो. थोडा कार्बन डायऑक्साइड व पाणी मोकळे होते. प्रमाण ठरलेले असल्यामुळे खर्चाचा हिशेबही ठरलेला असतो : दर लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेले की अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटचा साठा, २.८ अंशांनी (हौशी भाषेत ‘केएच’) उतरते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला सुमारे ४१०–४२० मिलिग्रॅम, तर अल्कता जेमतेम ७ अंश असते. म्हणजे ज्या वाढीत कॅल्शियमचा साठा पाच टक्क्यांनी घटतो, त्याच वाढीत अल्कता चाळीस टक्क्यांनी कोसळते. कॅल्शियमची चाचणी ‘ठीक’ आली म्हणून निर्धास्त राहणाऱ्याची टाकी इथेच फसते. आठवड्यातून एकदाच चाचणी करणे जमत असेल, तर ती अल्कतेची करावी. बहुतेक पालक ती ७ ते ९ अंशांत ठेवतात. मात्र ७.५ चांगली की ८.५, या वादापेक्षा ती रोज तेवढीच राहते का, हे अधिक महत्त्वाचे. पोषकद्रव्ये कमी असलेल्या टाकीत अल्कता एकदम चढली, तर ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांची टोके जळल्यासारखी पांढरी पडतात.

समुद्राचे पाणी कॅल्शियम कार्बोनेटने मुळातच अतिसंपृक्त असते, तरीही त्याचा साका आपोआप खाली बसत नाही. त्याचे एक मोठे कारण मॅग्नेशियम. नव्याने जमू पाहणाऱ्या स्फटिकांच्या पृष्ठभागावर ते बसते आणि त्यांची वाढ रोखते. मॅग्नेशियम १,२५०–१,३५० मिलिग्रॅमच्या खाली घसरले, की पुरवलेली अल्कता प्रवाळांऐवजी हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरा थर होऊन चिकटू लागते. कितीही भर घातली तरी अल्कता टिकत नसेल, तर आधी मॅग्नेशियम तपासावे.

खर्च भरून काढण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. सर्वांत जुनी चुन्याच्या निवळीची. युरोपात पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात ती रुजवली. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळून गाळ बसू देतात आणि वरची निवळी थेंब थेंब टाकीत सोडतात. शाळेत फुंकर मारून दुधाळ करतात तीच ही निवळी. त्यामुळे भांडे झाकलेले हवे, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिच्यावर साय धरते आणि जोर कमी होतो. तिचा सामू १२ च्या वर असतो. एकदम ओतली तर टाकीतले जीव दगावतात. पानाचा चुना येथे वापरू नये, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. दुसरी पद्धत दोन द्रावणांची : एकात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा. दोन्ही टाकीत वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी घालायची. एकत्र आली की तत्काळ साका. तिसरी पद्धत म्हणजे कॅल्शियम रिॲक्टर. त्यात प्रवाळाचा चुरा भरून कार्बन डायऑक्साइड सोडतात व आम्ल झालेले पाणी तो चुरा विरघळवते. मोठ्या टाकीला ती परवडते, लहान टाकीसाठी तो उगाच थाट होतो.

उदाहरणादाखल २०० लिटरची टाकी घेऊ. अल्कता दिवसाला ०.७ अंशाने उतरत असेल, तर रोज सुमारे ४.२ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (दोन रेणू पाण्यासहचे) लागते. हेच काम सुमारे सव्वा लिटर संपृक्त निवळीत होते, आणि तेवढे पाणी एरवीही बाष्पीभवनाच्या भरपाईसाठी घालावेच लागते. सोडा-क्लोराइडच्या मार्गात रोज जवळपास तीन ग्रॅम साधे मीठ मागे उरते. पाणी बदललेच नाही तर वर्षाकाठी ते किलोभर होते. जर्मनीतील हान्स-वेर्नर बालिंग यांच्या पद्धतीत सोडियम क्लोराइडविरहित समुद्री मीठ तिसरे द्रावण म्हणून घालतात, ते याच कारणासाठी.

सामू ७.८ ते ८.४ च्या दरम्यान हेलकावतो : दिवसा प्रवाळांतील शैवलांच्या प्रकाशसंश्लेषणाने चढतो, रात्री श्वसनाने उतरतो. खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन चालणाऱ्या खोलीत माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचून तो दिवसाही खालीच राहतो. अशा वेळी ‘सामू वाढवणाऱ्या’ बाटल्या ओतल्या तर अल्कताच फुगते. खिडकी उघडणे किंवा स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खोलीबाहेर नेणे, हा खरा उपाय.

क्षारता हजारी ३५ भाग, म्हणजे २५° से. तापमानाला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. बाष्प होताना पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून घट गोड्या पाण्यानेच भरायची. हे पाणी आरओ व विआयनीकरण केलेले हवे. आपल्याकडच्या अनेक घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळलेले असते. पिण्यास ते उत्तम, टाकीस कुचकामी. पाण्यातून आलेला तांब्याचा अंशही प्रवाळांसारख्या अपृष्ठवंशी जीवांना घातक ठरतो. मुंबईच्या किनाऱ्यावरचे पाणी गढूळ, आणि पावसाळ्यात त्याची क्षारता उतरते. तेव्हा कृत्रिम समुद्री मीठ घेणे शहाणपणाचे.

नायट्रेट २–१० मिलिग्रॅम व फॉस्फेट ०.०३–०.१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण उद्दिष्टे. फॉस्फेट फार वाढले तर सांगाड्याच्या स्फटिकांत अडथळा येतो व शैवाल माजते. दोन्ही शून्यावर आणणे मात्र हौशी अतिरेक आहे : प्रवाळ उपासमारीने फिकट होतात आणि डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा तपकिरी चिकट थर पसरण्यास वाव मिळतो.

भारतात सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही किनाऱ्यावरून ते काढून टाकीत आणणे हा गुन्हा आहे.