जमिनीचे धनी आणि जमिनीचीं माणसें

वसईची भूमि सुपीक म्हणून पूर्वापार प्रसिद्ध आहे. परंतु ती एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे कशी जात असे, आणि त्या व्यवहारांत तिच्यावर राबणाऱ्याची काय गत होई, ह्याचें अवलोकन ह्या स्मरणिकेच्या निमित्तानें करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सन 1534 च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा ह्यानें वसई, साष्टी व मुंबई हा मुलूख तहान्वयें पोर्तुगीजांस दिला. नव्या सत्तेनें येथील गांवें आपल्या सरदारांस व अधिकाऱ्यांस 'अफोरामेंतो' म्हणजे ठराविक खंडाच्या पद्धतीनें वांटून दिलीं. मूळ स्वामित्व राजाकडे राही. गांव धारण करणारानें दरसाल 'फोरो' भरावा व प्रसंगीं राज्याच्या रक्षणार्थ हत्यार धरावें, असा करार असे. पुष्कळ गांवें तीन हयातींपुरतीं दिलेलीं असत. धारकास आपला हक्क विकावयाचा झाल्यास राजसत्तेची संमति लागे. तात्पर्य, घेणारास जें मिळे तें मातीवरचें पूर्ण स्वामित्व नव्हे, तर मातींतून निघणाऱ्या उत्पन्नावरील हक्क होय. मुंबईंतील 'फोरस' हा शब्द त्या 'फोरो'चाच अवशेष. फोरस जमिनींकरितां इंग्रजी अमलांत 1851 सालीं निराळा कायदा करावा लागला.

ह्या पद्धतीचें एक बोलकें उदाहरण मुंबई बेटाचें आहे. हें बेट प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता ह्यांस खंडानें मिळालें होतें. त्यांचा वनौषधींवरील ग्रंथ 1563 सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत वर्षांतून दोनदां फळणाऱ्या मुंबईच्या एका आंब्याचें कौतुक आहे. मात्र त्या आंब्याला पाणी कोणीं घातलें, हें ग्रंथांत येत नाहीं.

पुढें 1665 सालीं बेट इंग्रजांच्या स्वाधीन झालें, तें दोना इग्नेस द मिरांडा ह्या जमीनधारक विधवेच्या वाड्यांत झालेल्या लेखानें. 1668 सालीं इंग्लंडच्या राजानें तेंच बेट वार्षिक 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीस दिलें. जमिनी नेमक्या कोणाच्या, हा वाद माजला, तेव्हां गव्हर्नर आंजियर ह्यानें जमीनधारकांशीं तडजोड केली. दरसाल 20,000 अश्रफ्या भरण्याच्या अटीवर त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे राहिल्या. ह्या काळच्या कागदांत कुणबी, भंडारी हे लोक जमीनधारकांच्या चाकरींतील माणसें म्हणून येतात. जणूं शेताबरोबर विहीर जावी, तशीं माणसेंही जात!

1739 च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि जुन्या जमीनधारकांची सद्दी संपली. साष्टी 1774 च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं जिंकली. धनी बदलले, खंड वसूल करणारे बदलले. परंतु पावसाळा आला कीं नांगर धरणारे हात तेच राहिले. अखेर कूळकायद्यान्वयें 1 एप्रिल 1957 रोजीं, म्हणजे 'कृषक दिनीं', कसणाऱ्या कुळाचें नांव खरेदीदार म्हणून गणलें गेलें. त्या किंमतीचे हप्तेही त्यानें घामाच्या पैशांनीं फेडले.

वाचकहो, ह्या इतिहासांतून आम्हांस एकच गोष्ट सुचवावयाची आहे. पूर्वी जमीन विकली गेली तरी कसणारा मागें राही, कारण विकणारा निराळा व राबणारा निराळा होता. आज त्याच कुळांचे नातू विक्रीच्या कागदावर स्वतः सही करीत आहेत. तसा त्यांस अधिकार आहे. कोणाची नड कोणास ठाऊक! परंतु ह्या सहीनें जमिनीबरोबर तिचा कसणाराही जातो, आणि त्याच्या मागें नांगर धरावयास दुसरा कोणी उरत नाहीं. चारशें वर्षें ज्यांस विकण्याचा हक्क नव्हता, त्यांच्या वंशजांनीं तो हक्क बजावण्यापूर्वीं घरांतील जुने कागद एकदां उघडून वाचावे, एवढीच आमची नम्र विनंति आहे.