दीक्षेनंतरची वर्षे : ख्रिस्ती धर्मगुरूंच्या अभ्यासाची प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मगुरू कोणाला म्हणायचे, याचे उत्तर चर्चच्या ग्रंथांत तयार आहे. बिशप उमेदवाराच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि तो डीकन, धर्मगुरू किंवा बिशप होतो. ही तिन्ही पदे दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नाटियसच्या पत्रांत दिसतात. पुढे ल्यूथरने बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला याजक ठरवले, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मगुरूंच्या सेवेवर स्वतंत्र आदेश काढला, आणि १९८२ मध्ये पेरूतील लिमा येथे निरनिराळ्या चर्चच्या अभ्यासकांनी या प्रश्नावर एक सामाईक मसुदा तयार केला. हे सारे वाचायलाच हवे. तरीही या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी आधी म्हैसूरला नेणार आहे. दीक्षेचा अर्थ दीक्षेनंतरच्या वर्षांत कळतो, आणि म्हैसूर मुलखात एका माणसाची अशी दोन दशके आपल्याला बरीच जवळून पाहता येतात.

झाँ-आंत्वान द्युब्वा हा फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू १७९२ मध्ये दीक्षा घेऊन त्याच वर्षी भारताकडे निघाला. १७९९ मध्ये टिपू पडला आणि श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती आले. टिपूने १७८४ मध्ये कॅनरा किनाऱ्यावरून हजारो ख्रिस्ती कुटुंबे धरून तिथे आणली होती. अनेकांचे बळाने धर्मांतर झाले होते. विखुरलेल्या, धास्तावलेल्या या लोकांना पुन्हा एकत्र आणण्याचे काम द्युब्वाकडे आले. त्याने इथला पेहराव केला, पागोटे बांधले, मांसाहार सोडला. देवीची साथ पसरे तेव्हा लस टोचून घ्यायला लोकांना तयार करण्याचे कामही त्याने केले. सेमिनरीत त्याला मिस्सा अर्पण करायला आणि पापनिवेदन ऐकायला शिकवले होते. बाकीचे काम त्याला इथल्या लोकांनी दिले.

हिंदूंच्या चालीरीतींवरचे त्याचे हस्तलिखित म्हैसूरचा रेसिडेंट मार्क विल्क्स याच्या शिफारशीने ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेतले. १८१६ मध्ये लंडनला त्याचे पुस्तक झाले आणि पुढची शंभर वर्षे ते प्रमाण मानले गेले. त्यातला मोठा भाग केर्दू या आधीच्या जेझुइट धर्मगुरूच्या लिखाणातून आला आहे, हे सिल्व्हिया म्यूर या विदुषीने १९८७ मध्ये दाखवून दिले. नव्या अभ्यासकाने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. धर्मगुरूने लोकांविषयी लिहिलेले वाचताना ते त्याने कोणाकडून घेतले आणि कोणासाठी लिहिले, हे विचारलेच पाहिजे.

१८२३ मध्ये द्युब्वा कंपनीची पेन्शन घेऊन फ्रान्सला परतला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्याने, हिंदू समाजात ख्रिस्ती धर्म रुजणे सध्या शक्य नाही, असा निष्कर्ष काढला. प्रॉटेस्टंट मिशनरी त्याच्यावर तुटून पडले. ती पत्रे वाचून मन उदास होते, पण त्याने स्वतःला दिलेला निकाल मला मान्य नाही. त्याने मोजदाद ठेवली ती नव्या बाप्तिस्म्यांची. जे आधीच ख्रिस्ती होते, ज्यांची वाताहत झाली होती आणि ज्यांना पुन्हा एकत्र येऊन प्रार्थना करता आली, ते त्याच्या हिशेबात आलेच नाहीत. धर्मगुरूचे पाचारण देवाकडून येते असे चर्च मानते; त्यावर शिक्कामोर्तब बिशप करतात. पण त्या पाचारणाला रोजचा आकार देणारा तिसरा पक्ष म्हणजे मंडळी, आणि तिचा अभ्यास सर्वांत कमी झाला आहे.

म्हैसूरच्या संत फिलोमिना कॅथेड्रलमध्ये हा तिसरा पक्ष आजही दिसतो. या संत स्त्रीचा अवशेष म्हैसूर दरबारातले अधिकारी थंबू चेट्टी यांच्या प्रयत्नाने म्हैसूरला आला, आणि नव्या चर्चची कोनशिला २८ ऑक्टोबर १९३३ रोजी महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी बसवली. जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलच्या धर्तीवरचे हे जुळे मनोरे पर्यटक खालून पाहतात. भाविक फिलोमिनाच्या दर्शनाला वेदीखालच्या तळघरात उतरतात. १९६१ मध्ये रोमने फिलोमिनाचा सण उपासनेच्या पंचांगातून काढून टाकला, कारण तिच्याविषयी ऐतिहासिक पुरावा अपुरा होता. तरी मेणबत्त्या लावायला लोक येतच राहिले, आणि त्यांत अन्य धर्मांचेही असतात. रोमची आज्ञा आणि भाविकांची श्रद्धा या दोहोंच्या मध्ये उभे राहून तिथल्या धर्मगुरूला आपले काम करावे लागते.

पोटाचा प्रश्नही याच अभ्यासाचा भाग आहे. द्युब्वाला पेन्शन कंपनीने दिली, हे आपण पाहिलेच. मराठी वाचकाला इथे रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतील. १८९५ मध्ये बाप्तिस्मा आणि १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभारायला घेतला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. दोन वर्षांत ते गेले. परदेशी मिशनच्या पगारावर जगणारा पाळक आपल्या लोकांचा गुरू होऊ शकतो का, हा त्यांचा प्रश्न मला फार मोठा वाटतो. आज पैसा बहुधा इथलाच असतो, पण मालमत्ता, शाळा, रुग्णालये आणि त्यांच्या कोर्टकचेऱ्या यांत धर्मगुरूचे दिवसच्या दिवस जातात, म्हणून तो प्रश्न आणखी टोकदार झाला आहे.

आजचे इतर वाद वाचकाला ठाऊक असतील. चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ मध्ये स्त्रियांना दीक्षा द्यायला सुरुवात केली आणि २०१३ मध्ये नंद्यालला त्यांची पहिली स्त्री बिशप झाली. कॅथलिक चर्चने हे दार बंदच ठेवले आहे. दलित ख्रिस्ती विचारतात की मंडळीत आम्ही बहुसंख्य असलो तर वेदीपाशी आमची माणसे इतकी थोडी का. कर्नाटकात उपासना कन्नडमध्ये, तमिळमध्ये की कोकणीत, यावरून कडवे तंटे झाले आहेत. आणि धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांबाबत पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये, वरिष्ठांकडे तक्रार पोचवणे धर्मगुरूंना व संन्याशांना बंधनकारक केले. या शेवटच्या प्रश्नाला बगल देऊन धर्मगुरूंवर प्रेमाने लिहिता येणार नाही, असे मला वाटते. ज्याच्यापाशी माणसे आपली गुपिते उघड करतात, त्याच्यावर कोणाची नजर आहे, हे विचारण्याचा मंडळीला पूर्ण हक्क आहे.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने ख्रिस्ती असण्याची गरज नाही. द्युब्वाची पत्रे आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शेजारी ठेवून वाचा. एकात धर्मगुरू स्वतःविषयी बोलतो, दुसऱ्यात रेव्हरंड टिळकांबरोबर संसार केलेली त्यांची पत्नी. मग आपल्या जवळच्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये परवानगी मागून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या पाहा. कोणत्या वर्षी साथीने किती माणसे गेली, कोणत्या गावचे लोक कधी आले, कोणाचे लग्न कोणत्या भाषेतल्या नावांनी नोंदले गेले, हे सगळे त्यांत असते, आणि प्रत्येक नोंदीखाली त्या त्या धर्मगुरूची सही.